कच्च्या वहीतला चहा

तळेश्वर नगरपरिषदेच्या सदतीस वर्षांच्या इतिवृत्तांत 'मी' हा शब्द एकदाही आलेला नाही. ही सारी इतिवृत्ते भालचंद्र तांबटांच्या हातची. १९८३ साली ते सभा लिपिक म्हणून लागले आणि २०२० साली निवृत्त झाले. तेवढ्या काळात कितीतरी नगराध्यक्ष आले नि गेले, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले; वहीतले उजवीकडे किंचित कललेले अक्षर मात्र तेच राहिले, आणि ठरावाखालचे वाक्यही तेच राहिले : 'सबब, सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.'

तांबटांना त्या वह्यांचा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता. अभिमान वाटू लागला की लगेच, आपण असे काय मोठे केले, हेही त्यांच्या मनात येई. त्यामुळे २०३८ साली डॉक्टर घोरपड्यांची रेणुका पुण्याहून आली आणि म्हणाली, "काका, तुमची इतिवृत्तं मला हवीत, सगळीच्या सगळी," तेव्हा आनंदाने त्यांना दोन दिवस जेवण गेले नाही. मग वर्षभर ते रोज अभिलेख खोलीत जाऊन बसले. यंत्राने टिपलेले एकेक पान त्यांनी मूळ वहीशी ताडून पाहिले, पुसट झालेले आकडे वाचून दिले. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या माणसाला आपल्या अक्षराची कुणाला गरज आहे, एवढे कळणे पुरेसे असते.

त्या साऱ्याचे काय झाले हे पाहायला रेणुकाने त्यांना दोन वर्षांनी, २०४० सालच्या एका सोमवारी सकाळी बोलावले. निवडणुकीचे अर्ज भरायला शुक्रवारी दुपारी तीनपर्यंतची मुदत होती.

डॉक्टर घोरपड्यांचा जनावरांचा दवाखाना आता रेणुकाचे कार्यालय झाला होता. गायी-म्हशी उभ्या करायचा लोखंडी खोडा अजून अंगणात होता. त्यावर मधुमालती चढवली होती. आत भिंतीवर डॉक्टरांचा फोटो होता. खाली रेणुकाने प्रचारासाठी करून घेतलेले फलक रचून ठेवले होते : 'ज्यांनी तळ्याचा एक इंच सोडला नाही, त्यांची लेक.'

तांबटांनी तो मजकूर वाचला आणि नजर काढून घेतली.

"बसा काका. तुमच्याच मेहनतीचं फळ आहे हे," रेणुकाने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "याचं नाव प्रतिसभा. हवामानाचा अंदाज कसा काढतात, माहितेय ना?"

"ढोबळ."

"ते एकदाच गणित करत नाहीत. आजची स्थिती घ्यायची, तिच्यात जराजरासा फरक करायचा, इथे वारा थोडा जास्त, तिथे उष्मा थोडा कमी, आणि तेच गणित शंभर वेळा चालवायचं. शंभरात सत्तर वेळा पाऊस पडला, तर म्हणायचं सत्तर टक्के शक्यता. मी तेच नगरपरिषदेचं केलंय. उद्या निवडून येतील अशा एकवीस जणांची भाषणं, मुलाखती, त्यांनी चारचौघांत टाकलेले निरोप घेऊन प्रत्येकाचं एक पात्र बनवलं. पण तेवढ्याने भागत नाही. माणूस घरात बोलतो तसा सभागृहात बोलत नाही. सभागृहाची म्हणून एक सवय असते. विरोध किती वेळात विरघळतो, कुणामागे कोण हात वर करतो, चिडून उठून गेलेला परत येतो की नाही. ही सवय मी तुमच्या इतिवृत्तांतून काढली."

"आणि माझ्यानंतरची वीस वर्षं?"

"मधली बरीच वर्षं तर प्रशासकच होता. आणि आता इतिवृत्त लिहितं ते सॉफ्टवेअर तुमच्याच वह्यांवर शिकलेलं आहे काका! अगदी तुमच्यासारखं लिहितं. ध्वनिमुद्रणं काही ठेवत नाहीत. इतिवृत्त कायम झालं की पुसून टाकतात."

तांबट संकोचून हसले.

तिचा प्रश्न साधा होता. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा, हे गावाला नवे नव्हते. तिचे वडील २००१ साली असेच निवडून आले होते, अपक्ष, पाठीशी एकही नगरसेवक नसताना. 'जनावरांचा डॉक्टर माणसांत आला' म्हणून लोक हसले होते. या खेपेला रेणुका निवडून येईल, याबद्दल गावात दुमत नव्हते. एकवीसपैकी सोळा जागा नितीन सरनोबतांच्या पक्षाला जातील, हेही पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होते. नितीनभाऊंनी पक्षाचा ए-बी फॉर्म तिच्यासाठी राखून ठेवला होता. अट एकच : तळ्याच्या उत्तर काठाच्या आरक्षणाचा विषय पाच वर्षे विषयपत्रिकेवर आणायचा नाही. मुदत संपत आलेले ते आरक्षण ठरावाने कायम केले नाही तर आपोआप उठणार होते, आणि काठ बांधकामाला मोकळा होणार होता. आणि रेणुका उभी राहत होती ती त्या उत्तर काठासाठीच. तिथे अजून पाणकणसाची बेटे होती, हिवाळ्यात बदके उतरत. दक्षिण काठ तर गेलाच होता. तिथे सरनोबतांचे मंगल कार्यालय उभे होते.

"म्हणजे प्रश्न असा," रेणुका म्हणाली, "पक्ष नसताना मला कारभार करता येईल का? मी पाच वर्षं शंभर वेळा चालवून पाहिली. त्र्याऐंशी वेळा येतो!" तिचा चेहरा उजळला होता. लहानपणी गणितात पैकीच्या पैकी मिळाले की अशीच दिसायची. "एक सभा ऐकवते. विषय क्रमांक चार, उत्तर काठाचं आरक्षण कायम ठेवणे."

छोट्या स्पीकरमधून सभागृह बोलू लागले. खाकरणे, खुर्च्या सरकवणे, सगळे होते. मग नऊ नंबर प्रभागातल्या मंदा पैलवान यांचा आवाज आला, अगदी हुबेहूब. बाजारात भाजीच्या पाटीमागून येतो तसा.

"तळं घाला चुलीत! आमच्यात गटार तुंबलंय सा महिनं, त्याचं कोण बघायचं?"

तांबटांना हसू आले. आणखी दोघे बोलले. एकाने टेबल आपटले. सहा मिनिटे गेली. मग पुन्हा मंदाचाच आवाज आला.

"तथापि विषयाचे महत्त्व लक्षात घेता, सबब, सदर ठरावास माझी हरकत नाही."

तांबटांनी कप खाली ठेवला.

मंदा पैलवान जन्मात कधी 'सबब' म्हणाली नसेल. तो शब्द तांबटांचा होता. मागोमाग एकेक करून सगळेच बोलले, आणि सगळे तांबटांच्या वाक्यात बोलले. शेवटी सभागृहाने एका सुरात सांगितले : सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.

"बघितलंत? मंदाताईसुद्धा वळतात," रेणुका म्हणाली. "शुक्रवारी अपक्ष म्हणून अर्ज भरतेय काका. नितीनदादांना आज नकार कळवते."

"शुक्रवारपर्यंत थांब जरा," तांबट म्हणाले. चहा तसाच ठेवून ते उठले.

घरी शालिनीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "असं तोंड का? दाढ दुखतेय का?"

तांबटांनी सगळे सांगितले. वाक्यावाक्याला अडखळत, मध्येच पाणी पीत.

"म्हणजे त्या पोरीला वाटतंय, आपल्या गावात माणसं सहा मिनिटं भांडतात आणि मग शहाणी होतात," शालिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहून ठेवलंत म्हणून."

"इतिवृत्त तसंच लिहायचं असतं. भांडणं लिहीत नाहीत, निर्णय लिहितात."

"मग सांगा की तिला."

"काय सांगू? माझ्या सदतीस वर्षांच्या वह्या खोट्या आहेत म्हणून?"

"खोट्या कशाला? इस्त्री केलेल्या." शालिनीबाईंनी एक पिवळे पान बाजूला टाकले. "आणि चुरगळलेल्या आहेत ना माळ्यावर, तांदळाच्या डब्यांत. दर पावसाळ्याआधी कडुनिंबाचा पाला कोण घालतं त्यात? मीच. एकदा तरी विचारलं का मी, कशाला ठेवलंय हे बाड?"

तांबटांनी खाली पाहिले. सभेत बसून पेन्सिलीने भराभर टिपून घ्यायची ती कच्ची वही. तिच्यावरून शाईने उतरवायची ती पक्की. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाले की कच्ची वही नष्ट करायची, असा नियम होता. तांबटांनी आयुष्यात मोडलेला तेवढाच नियम. पहिली वही जाळायला म्हणून घरी आणली, तेव्हा वाटले, एवढी माणसे बोलली आहेत हिच्यात. मग ती राहिली, आणि मग सगळ्याच राहिल्या.

"डॉक्टरांना शब्द दिलाय मी," ते हळूच म्हणाले.

शालिनीबाईंचे हात थांबले. "कसला?"

तांबट उठले. त्यांनी शिडी आणली.

दुपारभर ते व्हरांड्यात बसून वह्या चाळत राहिले. कडुनिंबाचा कडवट वास आणि त्याखाली जुन्या कागदाचा. पानांवर चहाच्या ग्लासांची गोल वर्तुळे होती. जुने सभागृह वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. तिथले पंखे असे कुरकुरत की नवा सदस्य पहिल्या सभेत वर बघतच बसे. खिडकीतून तळे दिसे. इस्माईलभाई तारेच्या जाळीत आठ-आठ ग्लास अडकवून जिना चढत, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की चिडलेला माणूसही वाक्य आखडते घेई. अण्णाप्पा लोहार बहिरे होते, ते शेजाऱ्याच्या हाताकडे बघून हात वर करत. एकदा शेजाऱ्याने डोके खाजवायला हात उचलला आणि अण्णाप्पांनी घरपट्टी वाढवली! हे पक्क्या वहीत कुठेच नव्हते. तांबट एकटेच हसले, आणि हसता हसता त्यांना जाणवले की त्या सभेतले आता कोणीही उरलेले नाही.

मग २००३ सालची वही आली. फेब्रुवारी महिना. विषय क्रमांक सात : वडारवस्तीला नळाची मुख्य वाहिनी.

वडारवस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. बायका दीड मैलावरून पाणी आणत. डॉक्टरांनी निवडणुकीत तेवढे एकच वचन दिले होते. दोन वर्षांत तीन वेळा विषय आला आणि तीन वेळा पुढे ढकलला गेला. त्या दिवशीही पंधरा जण विरोधात होते. आवाज चढले, कुणी विषयपत्रिका भिरकावली, आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चहा घेऊ."

ते नेहमीच असे करत. अडले की चहा. वीस मिनिटे ते ग्लास हातात घेऊन फिरत. कुणाच्या म्हशीचे विचारत, कुणाच्या आईच्या गुडघ्याचे. कुणाचा अपमान गिळत. एकदा तर भर जिन्यात एका पोरसवदा सदस्याची माफी मागितली होती, चूक नसताना. सभा पुन्हा सुरू होई आणि विषय मंजूर होई. पहिल्या वर्षी तांबटांनी 'चहापानानंतर सभा पुढे सुरू' असे लिहिले होते. मुख्याधिकाऱ्यांनी ते खोडले. "इतिवृत्तात चहा काय लिहिता? बिलात लिहा."

त्या दिवशी मात्र म्हैस आणि गुडघा पुरले नाहीत. मागच्या जिन्यात पाण्याच्या टाकीपाशी डॉक्टर आणि आबासाहेब सरनोबत उभे होते. आबासाहेब म्हणजे नितीनभाऊंचे वडील, पंधरा जणांचे नेते. तांबट सवयीने दोन पायऱ्या वर वही घेऊन उभे होते. पेन्सिल चालूच होती.

आबासाहेब : नळ पाहिजे ना डॉक्टर? दक्षिण काठाचं आरक्षण उठवा. अकरा गुंठे.

डॉक्टर : तळं गावाचं आहे आबा.

आबासाहेब : तहान पण गावाचीच आहे की.

इथे वहीत एक रिकामी ओळ होती. डॉक्टर बराच वेळ बोलले नव्हते, ते तांबटांनी तसे टिपले होते. मग : "आधी नळ. पाणी पडलं की काठ."

वर वळताना डॉक्टरांना तांबट दिसले. "हेही लिहिलंत?"

"सवय, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "असू दे. पण पक्क्यात नको, तांबट. रेणूला वाचता येतं आता."

तांबटांनी मान हलवली होती. सदतीस वर्षे त्या मानेला ते जागले. पक्क्या वहीत विषय सात सर्वानुमते मंजूर झाला, आणि वर्षभराने दुसऱ्याच कुणाच्या सूचनेवरून दक्षिण काठ, तोही सर्वानुमते. त्या सभेनंतर तांबट आपल्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चहा थंड झाला होता. तो नेहमीच थंड होई. लिहिणाऱ्या माणसाला गरम चहा मिळत नाही.

त्यांनी वही मिटली. शब्द पाळायचा तर ही पोर स्वतःच्या नव्हे, त्यांच्या इस्त्रीच्या भरवशावर सोळा माणसांपुढे जाऊन उभी राहणार. मोडायचा तर तिचे वडील तिच्यापासून काढून घ्यायचे, आणि स्वतःच्या वह्याही. रात्रभर त्यांनी कूस बदलली, आणि सकाळी डबे रिक्षात घातले.

रेणुकाने २००३ची वही उभ्याउभ्याच वाचली. मग बसली. मग पुन्हा वाचली.

"बाबांनी दक्षिण काठ विकला."

"विकला नाही गं. दिला. नळाच्या बदल्यात."

"मी तेरा सभांत सांगितलंय, माझ्या बाबांनी एक इंच सोडला नाही! फलक छापलेत!" तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही समोर बसून ऐकत होतात. वर्षभर माझ्याबरोबर पानं तपासलीत काका. तेव्हा का नाही दिल्यात या वह्या?"

"तू इतिवृत्तं मागितलीस," तांबट म्हणाले. "इतिवृत्त म्हणजे पक्कं. कच्चं कुणी मागत नाही, आणि आपण होऊन द्यायची पद्धत नाही." बोलता बोलता त्यांनाच ते इतके केविलवाणे वाटले की ते थांबले. "मी भित्रा माणूस आहे रेणू. खोटं लिहिलं नाही मी कधी. नुसतं गाळत गेलो."

"तुम्ही जा आता."

ते गेले. बुधवार गेला. बुधवारी त्यांनी तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. आपण एका आयुष्यात दोन माणसांचा विश्वासघात केला, बापाचा बोलून आणि लेकीचा न बोलून, हे त्यांनी शालिनीबाईंना सांगितले. "हिशोबाने एकच निघतो," शालिनीबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला दोन हवे असतील तर घ्या."

गुरुवारी दुपारी रेणुकाचाच फोन आला. "या."

तिचे डोळे सुजले होते. टेबलावर कच्च्या वह्या वर्षावार लावलेल्या होत्या, प्रत्येकीत चिठ्ठ्या. "यंत्राला तुमची पेन्सिल वाचायला शिकवायला एक दिवस गेला," ती म्हणाली. "उरलेला वेळ मी वाचत होते. ऐका."

विषय चार पुन्हा सुरू झाला. या वेळी मंदा पैलवान शेवटपर्यंत मंदाच राहिली. सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "ए, माईक बंद कर रे त्याचा!" आणि ठराव सोळा विरुद्ध पाच असा पडला.

"त्र्याऐंशीचे किती झाले?" तांबटांनी भीतभीत विचारले.

"बावीस."

तांबट खुर्चीत मागे टेकले.

"पक्षातून गेले तर सत्त्याण्णव," रेणुका सांगत होती. "पाच वर्षं आरामात. पण त्या सत्त्याण्णवांत तळं एकदाही विषयपत्रिकेवर येत नाही. अपक्ष राहून अठ्ठ्याहत्तर वेळा मी दीड-दोन वर्षांत कोलमडते. बावीस वेळा टिकते. त्या बाविसांत उत्तर काठ वाचतो. पूर्ण नाही. कधी निम्मा, कधी पाऊण. एकदाही पूर्ण नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि या बावीस वेळांत काहीतरी होतं ते मला कळत नाही. सभा मध्येच थांबते. पंधरा-वीस मिनिटं नुसती शांतता. मग सुरू होते, आणि तीच माणसं वेगळं बोलतात. मधे काय झालं ते यंत्राला सांगता येत नाही. तुमच्या वहीतही पुष्कळदा तिथे काहीच नाही, नुसतं वर्तुळ आहे. डाग."

तांबट पुढे वाकले. तिने उघडलेल्या पानावर तपकिरी वर्तुळ होते.

"चहा," ते म्हणाले.

आणि मग संकोच कुठे गेला कुणास ठाऊक, ते बोलू लागले. पंखे, इस्माईलभाई, अण्णाप्पांचा हात, म्हशी, गुडघे, जिन्यातली माफी. डॉक्टर सभेनंतर रिकाम्या सभागृहात खिडकीशी उभे राहून तळ्याकडे बघत, तेही. दक्षिण काठाचा ठराव झाला त्या दिवशी ते तिथे दिवेलागणीपर्यंत उभे होते, आणि खाली वडारवस्तीत नळावर बायकांचा गलका चालला होता. तो वरपर्यंत ऐकू येत होता.

रेणुका ऐकत होती. ते निघाले तेव्हा एवढेच म्हणाली, "ते फलक टाकून द्यायला सांगितलेत मी."

शुक्रवारी सकाळी दहाला नितीन सरनोबत ए-बी फॉर्म घेऊन स्वतः दवाखान्यात आले. साठीचे, पांढरे कपडे, तोंडात वेलदोडा. तांबट वह्या परत न्यायला आले होते. उठू लागले तर नितीनभाऊ म्हणाले, "बसा हो तांबट. तुमच्यासमोर बोलायला काय, तुम्ही कुठं लिहिताय आता?"

"नितीनदादा," रेणुका म्हणाली, "दक्षिण काठाचं मला कळलं. तुमच्या आबांनी काय मागितलं, बाबांनी काय दिलं."

"आत्ता कळलं?" नितीनभाऊंना खरेच आश्चर्य वाटले. "आमच्या घरात तो किस्सा पाठ आहे सगळ्यांना. आबा मरेपर्यंत सांगायचे. म्हणायचे, डॉक्टर एकटा होता म्हणून मला अकरा गुंठ्यांवर भागवावं लागलं. आपल्या पक्षाचा असता तर नळाचा विषय त्याला घरीच सोडायला लावला असता, आणि वर जमीनही घेतली असती." ते हसले. "मोठ्या मनाचा माणूस होता हो डॉक्टर. आमची म्हैस फुकट तपासायचा."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी वेलदोडा या गालातून त्या गालात नेला.

रेणुकाने फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. "म्हणजे पक्षात किंमत एकदाच द्यायची, आधी. आणि एकट्याला दर विषयाला."

"ताई, सोळा जण आहेत माझे."

"माहितेय. मी शंभर वेळा मोजलेत."

ते गेल्यावर तिने अपक्षाचा कोरा अर्ज पुढे ओढला. तांबटांना वाटले, तिला सांगावे, नको पडू यात, वीस-बावीस म्हणजे काही खरे नाही. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, हवामान खात्याने बावीस टक्के सांगितलं तर तुम्ही छत्री घेता?"

"मी घेतो. डॉक्टर घेत नसत."

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी सव्वा दोनला ते नगरपरिषदेच्या नव्या इमारतीत पोचले. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. चौघे येऊन सही करून गेले होते. पाचव्याला सकाळी नितीनभाऊंचा फोन गेला होता. तो येणार नव्हता. रेणुका फोनवर एकामागून एक नंबर लावत होती, आणि भिंतीवरचे घड्याळ अडीचच्या पुढे गेले होते.

तांबट बाकावर बसले होते. टेबलावरचा अर्ज त्यांना दिसत होता. 'सूचक' असे छापलेले, पुढे रिकामी ओळ. ठरावांखालच्या त्याच शब्दापुढे त्यांनी आयुष्यात हजारो नावे लिहिली होती. शेतकऱ्यांची, दुकानदारांची, गुंडांची, दोन-चार देवमाणसांची. आपले नाव तिथे बसेल, हे त्यांच्या कधी स्वप्नातही आले नव्हते. आपल्या सहीने होणार तरी काय, असे मनात आले. मग आले, की गाळण्यात आपण तरबेज आहोत. हीही एक ओळ गाळता येईल.

ते उठले. "मतदार यादीत माझं नाव आहे," ते निवडणूक अधिकाऱ्यांना म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की अधिकाऱ्यांनी "काय?" म्हणून विचारले.

"मी सूचक," तांबट मोठ्याने म्हणाले.

रेणुकाने फोन खाली केला.

त्यांनी शाईचे पेन मागितले. सवयीने हात 'श्री.' लिहायला गेला, तो त्यांनी आवरला. नुसते लिहिले : भालचंद्र शंकर तांबट. अक्षर उजवीकडे किंचित कललेले. अर्ज दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी दाखल झाला.

बाहेर पायऱ्यांवर नितीन सरनोबत आपल्या सोळा जणांचे अर्ज भरून उभे होते. तांबटांकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "तुम्ही पण, तांबट? या वयात?"

रेणुका दोन पायऱ्या उतरून थांबली. तिच्या चेहऱ्यावर सकाळचा राग अजून होता, तो तांबटांना स्पष्ट दिसला. तो गिळायला तिला किती वेळ लागला, तेही दिसले.

"नितीनदादा," ती म्हणाली, "वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? कशा आहेत आता?"

नितीनभाऊंच्या भुवया खाली आल्या. "चालतात आता. काठी घेऊन."

"चला, चहा घेऊ." समोरच्या टपरीकडे हात करून तिने सांगितले, "तीन."

तांबटांचा हात आपोआप खिशाकडे गेला, पेन्सिलीसाठी. खिसा रिकामा होता. तेवढ्यात ग्लास आले. त्या दोघांचे बोलणे सुरू झाले होते, आणि ते टिपून घ्यायला कोणी नव्हते. तांबटांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला.

चहा गरम होता.